कच्च्या टाक्यांची बाही

३ नोव्हेंबर

आज मला बायको मिळाली. या वयात! दुरुस्तीची छत्री ठेवून जावी तशी समोरच्या फुटपाथवरचा छत्रीवाला तिला माझ्या शिवणाच्या दुकानात सोडून गेला. "ही तुझी दुसरी. लढाईआधी लग्न झालं, माहेरी अडकली होती, आता आली. कुणी विचारलं तर एवढंच." मी म्हटलं, अरे, मला विचारायचंस तरी! तर म्हणतो, "शाळेत तुझी गणितं मी सोडवायचो, तेव्हा विचारलं होतंस?"

बाई हसल्या नाहीत. नर्स होत्या. बॉम्ब पडला, दवाखाना गेला. मुलगी नदीपलीकडे, आपल्या लोकांच्या हद्दीत. पोटुशी. छत्रीवाल्याने शब्द दिलाय: इथे राहून शत्रूच्या फौजेची खबर काढायचं एक काम करा, मग पलीकडे पोचवतो. बाईंना या कामाची हौस नाही. मलाही नाही. शत्रूने गाव घेतलं तेव्हा मी काज करत बसलो होतो. गाव सुटेल तेव्हाही बहुतेक काजच करत असेन. पण त्यांच्या फौजेचे कपडे माझ्याकडे शिवायला येतात — तेवढ्यावर छत्रीवाल्याचा डोळा.

लिहू नकोस, असं बजावून गेलाय. पण मनातलं बोलायला आता घरात बायको आहे आणि तिच्याशी बोलता येत नाही, ही पंचाईत!


५ नोव्हेंबर

घात होता होता वाचला. त्यांचा चष्मेवाला कप्तान आला होता, सदऱ्याची बटणं घेऊन. पलटणीच्या कपड्यालत्त्याचं तोच बघतो. तिशीचा असेल. छातीत कफ. मी आत हाक मारली, "बाई, जरा कात्री देता का?"

कप्तान चष्म्यावरून बघायला लागला. "मास्तर, बायकोला अहो-जाहो?"

बाई कात्री घेऊन बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भांडण झालं की करतात. परवापासून चाललंय."

कप्तान खो खो हसला, मग खोकला. गेल्यावर बाई म्हणाल्या, "उद्यापासून अगं म्हणा. माझ्या मुलीचा जीव टांगणीला आहे, तुमच्या सभ्यपणासाठी नाही मरायचं मला."

अगं. अगं. अगं. कापडावर खडूने रेघा मारताना घोकत होतो. जिला म्हणायचो ती जाऊनही किती काळ लोटला.


८ नोव्हेंबर

आज काय घडावं! मी टीप घालताना गुणगुणतो, जुनी खोड. चौथीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता —

नावाड्या रे, उजेड सरला, दोर तुझा तू सोड अता रे,

— आणि दारातून दुसरा आवाज आला,

पैलतिरावर कोण उभे ते, हाक कुणाची येते का रे?

कप्तान! लढाईच्या आधी आमच्याकडे-त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. आमचे गुरुजी पट्टीने टेबलावर ताल धरायचे, सगळा वर्ग डुलायचा. तिसऱ्या कडव्याशी गुरुजींचा आवाज ओला व्हायचा, मग ते खिडकीबाहेर बघायचे. छत्रीवाला तेवढ्यात माझ्या पाटीवर उंदीर काढायचा. कप्तानाच्या शाळेत बाई शिकवायच्या, पण डुलायचं तसंच. सात कडवी आम्ही दोघांनी मिळून म्हटली. पाचव्यात मी अडलो, सहाव्यात तो.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "लळा लावू नका." मी म्हटलं, कविता म्हणण्यात कसला लळा? आपण स्वतःला किती सहज फसवतो.


९ नोव्हेंबर

दिवसभर थंडी. गिऱ्हाईक नाही. बाईंनी मुलीच्या बाळासाठी माझ्या चिंध्यांतून टोपडं शिवलं. टाका माझ्यापेक्षा बारीक!


१२ नोव्हेंबर

पलटणीचे कपडे ने-आण करणाऱ्या हातगाडीवाल्याने आज ढिगाने कोट आणले. जाड, गुडघ्याखाली येणारे, आतून लोकरीचं अस्तर. सगळे कमी करायचे, सगळ्यांची मापं घ्यायची. दुपारपासून पोरं एकेक करून समोर उभी. हात वर कर, श्वास सोड. एकाचा डावा खांदा उतरता. एकाला गुदगुल्या होतात, टेप लावली की उड्या मारतो. एकाचं पोट सुटलेलं — "आईने कडेला माया सोडायला सांगितलीय मास्तर, मी अजून जाड होणार आहे." फौजेत खायला काय मिळतं कोण जाणे, पण शिवणीत कापड ठेवलं त्याच्यासाठी.

असले कोट सखल मुलखात लागत नाहीत. म्हणजे पलटण डोंगरातल्या आघाडीवर निघाली. हे मला कळलं तसं छत्रीवाल्यालाही कळलं, समोरच्या फुटपाथवर काड्या वाकवता वाकवता. संध्याकाळी दोरा मागायला आला. "त्यांची आगगाडी कधी सुटते तेवढं काढ. कळलं की आदल्या दिवशी खूण म्हणून पुतळ्याला कोट चढवून काचेत उभा कर. बाकीचं दरीवरच्या पुलाशी आमची माणसं बघतील."

बघतील म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. विचारायला नको इतकं कळतं.


१३ नोव्हेंबर

काढावं लागलंच नाही. कप्तान स्वतःचा कोट घेऊन आला. "मास्तर, माझी बाही लांब आहे. शनिवारी सकाळच्या गाडीला लागेल. डोंगरात माझं काही खरं नाही, जरा अंगाबरोबर करा." आणि मग, निघताना, "तिथे कविता म्हणायला कोण भेटणार!"

असं सांगायचं असतं का कुणाला? शिंप्याला, न्हाव्याला लोक सगळं सांगतात.


१४ नोव्हेंबर

बाईंना सांगितलं शनिवारचं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "ही पोरं डोंगरात जाऊन आपल्याच पोरांवर गोळ्या झाडणार. माझा जावई तिथे आहे."

खरं आहे.

"पण तुम्ही त्यांची मापं घेतलीत, हेही खरं," त्या म्हणाल्या. मी कोट आवरायला घेतले. त्यांनी माझ्या हातातून एक काढून घेतला आणि तिथेच बसून बटणं लावत राहिल्या. एकमेकांकडे बघितलं नाही आम्ही.


१५ नोव्हेंबर

पुतळा काचेत उभा केला. कोट चढवला. कॉलर नीट केली, पाठीवरची चुणी काढली. हातांना काय, ते सवयीने चालतात.

छत्रीवाल्याने मान वर केली, खाली घातली. झालं.

सगळे कोट दुपारी गेले, एक सोडून. कप्तान न्यायला आला तेव्हा म्हटलं, बाही अजून कच्च्या टाक्यांवर आहे साहेब, उद्या गाडीवर जाताना घ्या. तो म्हणाला, "आयत्या वेळी?" मी म्हटलं, "शिंप्याचा शब्द आहे." शिंप्याच्या शब्दाची ख्याती त्याला ठाऊक असावी. हसला.

बाईंनी हे आतून ऐकलं. रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त दिव्याची वात मोठी केली.


१६ नोव्हेंबर

आला. पाठीवर सामान. मी बाही उसवून बसलो होतो. "एवढी लावली की झालं, बसा." सुई ओवायलाच वेळ लावला. डोळे गेलेत ना माझे! मग म्हटलं, साहेब, तेवढ्यात ती नावाड्याची होऊ द्या.

तो म्हणायला लागला. मी टाका घालायचो, उसवायचो. घालायचो, उसवायचो. तिसऱ्या कडव्याशी त्याने घड्याळ बघितलं. मी म्हटलं, पाचवं मला येत नाही, तेवढं शिकवून जा. शिकवलं त्याने! गुरुजींसारखं, बोटांनी टेबलावर ताल धरून. आयुष्यात इतका वाईट टाका मी घातलेला नाही आणि इतकी चांगली कविता ऐकलेली नाही.

गाडीची शिट्टी झाली. तो ताडकन उठला, माझ्याकडे बघितलं, कोट तसाच टाकून पळाला. काय उपयोग! स्टेशन त्या टोकाला.

दुपारी दरीकडून आवाज आला. काचा थरथरल्या. पुतळा पडला नाही.


१७ नोव्हेंबर

उतरता डावा खांदा. गुदगुल्या. कडेला सोडलेलं कापड. एकेक माप डोळ्यांसमोर येतं. पाठ करायला गेलो नव्हतो. कविता पाठ करायला महिने लागायचे आणि ही मापं एका दुपारीत पाठ झाली.

छत्रीवाला म्हणाला, "आपल्या किती पोरांचे जीव वाचले, त्याचा हिशेब कर की रे." गणित त्याचं चांगलं, पहिल्यापासून.

बाईंना उद्या-परवा पलीकडे नेतो म्हणाला.


१९ नोव्हेंबर

हातगाडीवाला आला. यापुढे काम कमी, म्हणाला. कोट घालणार कोण? मग आवाज खाली आणला.

"तुमचा तो चष्मेवाला आत आहे. सगळी पलटण गेली, हा एकटाच कसा मागे राहिला? फितूर तोच, म्हणतात. रविवारी गोळी."

माझ्या हातातली इस्त्री कापडावरच राहिली. जळका वास आला तेव्हा उचलली.

"गाडीच्या वेळी कुठे होतास, विचारलं. तर म्हणे, फिरायला गेलो होतो! पाठीवर सामान घेऊन, गारठ्यात! वेडा आहे का मास्तर तो? कुठे होता ते खरं सांगितलं तर सुटेल की."

वेडा नाही. शिट्टी झाली तेव्हा माझ्याकडे बघितलं होतं त्याने. तेव्हा नुसतं बघितलं. आवाज झाला तेव्हा उमगलं असेल. मास्तरने बाही का उसवली, कविता का म्हणायला लावली — सगळं कळूनही फिरायला गेलो होतो म्हणतो! त्या खोलीत मारहाण होत असेल आणि हा माझं दुकान, बाईंचं नाव तोंडातून काढत नाही.

मी वाचवायला गेलो आणि माझ्या सुईनेच त्याला भिंतीशी उभं केलं.


२० नोव्हेंबर

छत्रीवाला खूश! "त्यांचा माणूस त्यांनीच मारला तर आपल्यावर किटाळ नाही. देव पावला." मी म्हटलं, बाईंना आजच ने. आणि तूही तिकडेच राहा, परत येऊ नकोस.

"का रे?"

"पावसाळा संपला. छत्र्या कोण दुरुस्त करणार?"

बघत राहिला माझ्याकडे. साठ वर्षांची ओळख. "तुझ्या डोक्यात काय शिजतंय?" मी म्हटलं, काही नाही, कविता. "तुझ्या कवितेने नेहमीच घोळ केलाय," म्हणाला आणि मग उगाचच माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

बाईंना सांगावं लागलं नाही. सामान बांधताना म्हणाल्या, "मुलगी नसती तर मी थांबले असते." मी म्हटलं, नीट जा. त्या उंबऱ्यात थांबल्या.

"अगं म्हणा ना एकदा. भांडण नाही आपलं."

म्हटलं.


२१ नोव्हेंबर

पलीकडून निरोप आला. दोघं पोचली. बाईंच्या लेकीला मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप.

बाही पक्की केली. इस्त्री फिरवली. आता कोट घेऊन त्यांच्या कचेरीत निघालोय. पहारेकरी विचारेल, कुणाचा कोट? ते आधी सांगेन. मग शनिवारी सकाळी साहेब कुठे होते आणि का, ते.