वणीहून आलेली खुशी

वणी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. विमलताईस वामनचा सा. न. वि. वि.

ताई, तुझा फोन लागेना म्हणून ही चिठ्ठी कंडक्टरजवळ देतोय. तुझी खुशी आज मला इथल्या बसस्टँडवर एकटी सापडली. अंगात दवाखान्यातल्यासारखा पांढरा झगा, हातात साधी पिशवीसुद्धा नाही! कोणाबरोबर पळून आली की काय, या विचाराने माझं डोकंच फिरलं. चार लोकांत रागावलो. पोरगी सख्ख्या मामाला ओळख देईना, मी तिचा कोणी नाही म्हणून रडत राहिली. दंडाला धरून राळेगावच्या गाडीत बसवली आहे. मारू नकोस, पण सोडूही नकोस.

माझा राग पोटात घाल, माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
वामन

राळेगाव,
७ ऑक्टोबर

चि. वामन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबा रे, काय करून बसलास! तू चिठ्ठी दिलेली गाडी आली तेव्हा खुशी माझ्याजवळ वावरात होती. कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, सीतादही, चालली होती. झाडाला दहीभात ठेवायला ती वाकली आणि बांधावरून दुसरी खुशी चालत आली! चौकातल्या बायांनी आपलीच पोर समजून तिला वावराची वाट दाखवली होती. माझ्या हातातला पाण्याचा गडवाच पडला.

खुशी जन्मली त्या शहरातल्या दवाखान्याने तपासणीच्या नावाखाली तिची नाळ ठेवून घेतली होती, आठवतं? ही पोर सांगते, तिने तिथल्या लोकांचं बोलणं ऐकलं: त्या नाळेपासून त्यांनी वर्षभरात हुबेहूब दुसरी मुलगी घडवली. वणीबाहेरच्या एका बंगल्यात कोंडून वाढवली. नाव नाही, नुसता सात नंबर. आता तिला कायमचं परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवणार होते, म्हणून भिंतीवरून उडी मारून पळाली. खुशीने तर तिची वेणीसुद्धा घातली. मला भीती वाटते आणि आनंदही आवरत नाही. फोनवर यातलं अक्षर बोलू नकोस.

सांभाळून राहा, तुझी काळजी लागून असते.

तुझी,
ताई

वणी,
१० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

घात झाला! बंगल्यातली दोन माणसं माझ्या दुकानात आली होती. बसस्टँडच्या कॅमेऱ्यात मी दिसलो. ती माझी भाची खुशी, असं मी ठोकून दिलं. ते नुसते हसले. चेहरे सारखे असले तरी अंगठे सारखे नसतात, म्हणाले. त्यांच्या मुलीचा ठसा त्यांच्याजवळ आहे. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, मशीन घेऊन तुझ्याकडे येणार आणि जिचा अंगठा जुळेल तिला नेणार. तिला माझ्याकडे आणू का? लगेच कळव.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेला,
वामन

राळेगाव,
२० ऑक्टोबर

चि. वामन यास अनेक आशीर्वाद.

मुद्दामच काही कळवलं नाही. तू धावत आला असतास आणि सगळं बोलून बसला असतास!

काल ते आले. गावचे पोलीस पाटील रामधनभाऊ समोर होते. दोघींनी अंगठे ठेवले. मशीन ठसाच घेईना. अंगठा पुसून पाहिला, ओला करून पाहिला, पुन्हा पुन्हा दाबला, काही नाही. वेचणीच्या दिवसांत रेशन दुकानात माझा अंगठा कधी लागला आहे का? तुझं पत्र आल्यापासून दोघींना रोज पहाट ते सांज वेचायला लावलं. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं पार सोलून निघाली. ती पोर एकदाही हाय म्हणाली नाही.

मग त्यांनी मलाच विचारलं की माझी कोणती ते सांगावं, दुसरी ते नेतील. मी सांगून टाकलं की दोघी माह्याच हायेत. रामधनभाऊंनीही बजावलं की अंगठा जुळल्याशिवाय कोणाची लेक गाडीत बसणार नाही, आणि त्यांची मुलगी कुठली, त्याचे कागद काढा. कागदाचं नाव काढताच गाडी वळली! दिवाळी झाली की रामधनभाऊंना घेऊन तक्रार द्यायला जाणार आहोत.

तिने स्वतःचं नाव निशिगंधा ठेवलं आहे. भाऊबीजेला येताना दोन ड्रेस आण. खुशीला लाल चालेल. निशिगंधाला पिवळा हवा. काहीही आण, पण एकसारखे आणू नकोस, असं तिने मला तीनदा बजावलं आहे.

वाट पाहतो आहोत तिघी. आता आणखी एका भाचीवर जीव लाव.

तुझी,
ताई