दोन माणसांची गाडी

६ नोव्हेंबर
गाडी येऊन आज चौथा दिवस. लाल, दोन दारांची, दोन माणसांची. पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. बल्लारपूरला खाणीत इंजिनियर असलेले पाठक साहेब बदली होऊन चाललेत, त्यांच्याकडून घेतली. व्यवहार आपसातला, मधे दलाल नाही. चालवून पाहिली ती त्यांच्या कॉलनीत. तिथला रस्ता म्हणजे कॅरमबोर्ड. त्या वेळी आपल्या गावचा रस्ता आठवायला हवा होता, आठवला नाही. साठी गाठली. वयाबरोबर अक्कल येते म्हणतात. माझी वाटेत कुठेतरी उतरली असावी.
सुनंदाने ओवाळलं, नारळ फोडला. मग विचारलं, तिचा भाऊ आणि वहिनी आले तर त्यांना कुठे बसवणार. मी फुटलेला नारळ गोळा करायला लागलो.

८ नोव्हें.
पहाटे एकटाच निघालो. गोंडपिपरीच्या पुढे मोठा रस्ता लागला आणि पाय जरा दाबला. काय सांगू. लिहायला लाज वाटते एवढा आनंद झाला. चौतीस वर्षं सरकारी ढोरडॉक्टर म्हणून बैलांचे खूर आणि म्हशींची बाळंतपणं केली. आता एकदा आपल्यासाठी काही, एवढंच.
परतताना नाल्यावरच्या रपट्यावर खालून घासली. उतरून, वाकून बघितलं. लांब ओरखडा. सु.ला सांगितलं नाही.

९ नोव्हें.
गावातल्या पेंदामाच्या गाईला बघायला गेलो. रिटायर झालो तरी बोलावणी येतात. औषधाची पेटी डिकीत मावेना. शेवटी बाजूच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला. पेंदाम बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘‘पेटीले सीट भेटली डॉक्टर, माणसाले?’’
आधीची जीप असती तर पेटी, पेंदाम आणि वेळ पडली तर गायही बसली असती. जीप मुलचेऱ्याच्या मंडलबाबूंना दिली, भाजी वाहायला. मीच दिली, हसत हसत.

११ नोव्हें.
आज वाईट वाटलं.
गाव संपलं की सहा कि.मी. जंगल. तिथला नियम बापजाद्यांपासूनचा: चार माणसं जमल्याशिवाय पायी आत शिरायचं नाही, आणि गाडीवाल्याने जंगलाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस टाकून जायचं नाही. सगुणाबाई ढिवरीण आणि अजून दोघी मासळीच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. सवयीने ब्रेक दाबला गेला. तीन बाया, तीन टोपल्या, एक सीट. त्यांनी आत वाकून बघितलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सगुणाबाईच म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, चौथी येऊन राह्यली.
ही बाई बारा वर्षं माझ्या जीपमधून बाजाराला गेली. भाडं मी मागितलं नाही, तिने विचारलं नाही. कधी दारात दोन मरळ ठेवून जायची, बस.

१४ नोव्हें.
वाघीण आहे, पिल्लांसकट. वनवाल्यांनी फलक लावला. बाया आता तासतासभर चौथीची वाट बघतात.
सकाळी तिघी उभ्या होत्या. धुळीमुळे काचा वर होत्या माझ्या. कुणी हात केला नाही. मी थांबलो नाही. रस्ता असा की ही गाडी वीसच्या वर नेता येत नाही. त्या वेगाने जाताना माणसांकडे न बघणं फार कठीण जातं.

१५ नोव्हें.
सु.जवळ कबूल केलं, चूक झाली. तिने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.
मंडलबाबूंना फोन. जीप परत द्याल का. ते फार गोड बोलले, पण जीप आता जावई चालवतो म्हणे. जावयाच्या हातातून काढणार कशी? बरोबरच आहे. वर फुलकोबी पाठवतो म्हणाले.

१७ नोव्हें.
पाठक साहेबांचा फोन. दर दोन-तीन दिवसांनी करतात, गाडी कशी आहे म्हणून. लेकीला सासरी पाठवल्यासारखं. आज हळूच म्हणाले, ‘‘डॉक्टर, राग मानू नका. विकून मला चैन पडत नाहीये. जशी दिली तशी असेल, तर परत घेईन.’’ तीस तारखेला ते निघणार.
म्हणजे घेऊन मी पस्तावलो आणि देऊन ते. दोन शहाणे, एक गाडी.
लगेच हो म्हणायला हवं होतं. विचार करून सांगतो म्हणालो. नंतर अंगणात जाऊन अर्धा तास गाडीत नुसताच बसलो. सु. खिडकीतून बघत होती.

२० नोव्हें.
बाजारात सगुणाबाईकडे मासळी घ्यायला गेलो. खरं तर विचारायला गेलो. हात काऊन नाही दाखवत आता? एकीला तरी नेलं असतं.
तिने मासळी साफ केली, पानात बांधली, मगच बोलली. ‘‘गाडी चांगली हाय तुमची. पन काळ्या काचा. जीप दिसली का डॉक्टर दिसे. आता गाडी दिसते, डॉक्टर नाई दिसत. हात कोनाले दाखवाचा?’’
रागाने नाही बोलली. भाव सांगावा तसं. मासळी घेऊन आलो, पण जेवण गेलं नाही.

२३ नोव्हें.
ठरलं. पाठक साहेबांना कळवलं, २६ला घेऊन येतो. ओरखड्याचंही सांगितलं. तेवढं चालेल म्हणाले. आवाजात इतका आनंद की मला त्यांचा हेवा वाटला.
सु. म्हणते, एखादी जुनी जीप बघू. बघू.

२६ नोव्हें.
सकाळी धुऊन पुसून निघालो. शेवटचीच फेरी म्हणून सावकाश.
जंगलाच्या तोंडाशी सगुणाबाई एकटी. बाकीच्या धान कापायला गेलेल्या. चौथी सोडा, दुसरीही येणार नव्हती. ती पदर खोचून आत शिरायच्या बेतात होती. मी काच खाली केली.
‘‘बसा.’’
‘‘मासळीचं पानी सांडन, डॉक्टर.’’
‘‘सांडू द्या.’’
बसली. बसली म्हणजे जवळजवळ पडली, इतकी खाली सीट. टोपली मांडीवर. रपट्यावर गाडी हेलकावली आणि व्हायचं ते झालं. सीट, गिअर, खालचा गालिचा, सगळीकडे. तिने पदराने पुसलं, त्याने आणखी पसरलं. गोंडपिपरीत अख्खा बाजार तिला उतरताना बघत होता. ती मात्र रोजच्यासारखी उतरली.
बल्लारपूर. पाठक साहेब फाटकातच उभे. दार उघडलं आणि थांबले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वास जाईल का हो, विचारलं. खोटं बोलवेना. म्हटलं, कमी होईल. कसं झालं तेही सांगितलं. ते खाली उतरले, दार हलकेच लावलं. मग म्हणाले, दोन दिवसांत कळवतो.
गाडी घेऊन परत आलो. येताना काचा उघड्या, वासामुळे.

२८ नोव्हें.
आज जंगलाच्या तोंडाशी तिघी. मी थांबायच्या आधीच सगुणाबाई पुढे आली, दार तिनेच उघडलं आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आत बसवलं.
‘‘आज हिले न्या. उद्या तिले, परवा मी. वाघीन हाय तवरी पाळी लावली आमी.’’
मला न विचारता पाळी लावली. म्हटलं, पाळी कशाला, तीन खेपा मारतो. येऊन-जाऊन बारा कि.मी.ची खेप, रपटा प्रत्येक वेळी. घासली तर घासली.
दुसरी खेप सोडून परत येत होतो, तेव्हा फोन वाजला. पाठक साहेब. हो म्हणतात की नाही, दोन दिवस याचीच वाट बघत होतो. पण सगुणाबाई तिकडे एकटी उभी होती. फोन कापला.
तिला पोचवून घरी आलो, जेवलो, हे लिहिलं. चार वाजले. अजून उलटा फोन केलेला नाही.