पाण्यावरच्या गावाला कोण जाणार

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

व्हिएन्ना, १२ नोव्हेंबर १९३२

ती. शांतम्मा आत्या हिस,
बालके पंचाक्षरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि शेंगाचटणीचा डबा, दोन्ही पोचले. डब्याला तेल सुटलं होतं, त्यामुळे टपालवाल्याने तो अगदी हात लांब करून धरला होता. घरमालकिणीला चिमूटभर चाखवली, तर बिचारी घटाघटा पाणी प्यायली आणि संध्याकाळी पुन्हा मागायला आली.

आता मुद्द्याचं. इथला माझा वैद्यकीचा अभ्यास पुढच्या दिवाळीच्या आत संपतो आणि मी घरी येतो. त्याआधी चैत्रात इस्पितळाला थोडी सुट्टी असते. मुंबईची आगबोट थेट व्हेनिसला लागते आणि मी इथून रेल्वेने तिथे येऊ शकतो. अप्पा, अव्वा आणि तू, तिघांनी यावं, आठवडाभर राहावं आणि परतीच्या बोटीने जावं. गाव फार जुनं आहे आणि समुद्रात उभं आहे. तिथे रस्त्याऐवजी कालवे आणि टांग्याऐवजी नाव. भाजीवाला नावेतून येतो, डॉक्टर नावेतून येतो, नवरदेवाची वरातही नावेतूनच निघते म्हणतात.

अप्पांना वेगळं लिहीत आहे. पण तुझा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा तूही बोल. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा
पंचाक्षरी

॥ श्री ॥

सोलापूर, १० डिसेंबर १९३२

चि. पंचाक्षरी यास शांतम्मा आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या अप्पांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, दुकानातच फोडलं. आधी मान हलवली, हे कसलं खूळ म्हणाले. मग जेवले. हात धुताना मात्र हळूच विचारलं, की आगबोटीवर शिवपूजेला जागा मिळते का. तेव्हाच मी ओळखलं, की बेत ठरला. दुकान रामहरी मुनीम सांभाळणार आहेत.

तर चैत्रात अण्णा आणि वहिनी येतील. माझं येणं जमायचं नाही. तुझी धाकटी बहीण चंद्रव्वा पहिल्या बाळंतपणाला मोहोळहून येणार, आणि तिचे दिवस नेमके चैत्रातच भरतात. घरात बाईमाणूस नको का? वहिनी चार वर्षांनी पोराचं तोंड बघतील, त्यातच मला सगळं आलं. मी तयारीला लागले आहे. कडक भाकरी पंधरवडाभर टिकतात, त्या डबाभर करून देईन. वहिनींना समुद्राची धास्ती आहे, तर सुंठ आणि आवळासुपारी बांधून ठेवली आहे.

तुला थोडं विचारू का? उगीच आपलं. दारातच पाणी असलं, तर तिथल्या बायका रांगोळी कुठं घालतात? सासुरवाशीण माहेरी निघाली, की तिची आई कुठवर पोचवायला जाते, पायरीपर्यंतच? शेजारणीकडे विरजण मागायचं, तरी नाव सोडावी लागते का? आणि रात्री निजल्यावर पाणी ऐकू येतं का? आपल्याकडं विहिरीचं पाणी तळाला गेलं की पोहऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. तुझ्या त्या गावाचं पाणी काय म्हणत असेल, असं मनात येऊन जातं. वहिनी बघून आल्या, की सांगतीलच.

थंडीत कानाला गुंडाळत जा. आम्हांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शांतम्मा आत्या

व्हिएन्ना, ६ जानेवारी १९३३

ती. आत्या हिस पंचाक्षरीचा सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न माझ्या इटालियन मित्राला वाचून दाखवले. तो म्हणतो, रांगोळी नाही, पण बायका खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवतात आणि त्यांचं प्रतिबिंब दारातल्या पाण्यात पडतं. शेजारणीकडे जायला मागच्या बाजूने बोळ आणि पूल आहेत, तेव्हा विरजणाची सोय आहे. पाणी रात्री ऐकू येतं. लहान मूल दूध पिताना करतं तसा आवाज, पायरीपाशी.

तू येणार नाहीस हे वाचून मी पत्राची दोनदा घडी घातली आणि दोनदा उघडली. खरं सांगू? तो बेत सुचला, तेव्हा त्या नावेत मला पहिल्यांदा तूच बसलेली दिसलीस. अव्वा बाराही महिने आजारी असे तेव्हा मला तू वाढवलंस. आणि तुझं जग म्हणजे अक्कलकोट, आणि एकदा लग्नाला बार्शी. पण चंद्रव्वेची बाजूही मला कळते. मी हट्ट करत नाही.

राग नसावा, ममता असावी.

पंचाक्षरी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १४ फेब्रुवारी १९३३

चि. पंचाक्षरीला अव्वाचे लई लई आशीर्वाद.

मी सोताच्या हातानं लिवते हाय, चुका मोजू नकोस. तुझ्या अप्पाला सांगितलं तर ते त्यांच्याच मनचं लिवतील.

मी येत न्हाय. शांतम्मा वन्सं येणार. आता रागावायच्या आधी पुरतं वाच.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली. पाळणे उतरले, दुकानं उठली, मग वन्सं म्हनाल्या, तळ्यावर निवांत जाऊन येऊ. दिवस मावळाया लागला हुता. वन्सं कट्ट्यावर हुब्या राहिल्या आन डोळे बारीक करून तळ्यामधल्या देवळाकडं बघत बसल्या, हलंनातच. मी विचारलं काय बघताय, तर लाजल्या की रं. मग म्हनाल्या, देवळाला जायाची ही वाट न्हायच असं समजून बगा, नुसतं पाणीच हाय असं. मी बी डोळे बारीक केले. आन खरं सांगते, वाट गेली. देऊळ हललं. दिवे पाण्यात लांब झाले. आमी दोगी किती येळ हुब्या हुतो, कुनास ठाऊक.

घरी येताना माज्या मनात आलं, मला पोरगा बगायचाय, गाव न्हाय. पोरगा दिवाळीला घरी येतोय की. वन्संला गाव बगायचंय. ते गाव काय सोलापुरात चालत येनार हाय? आन लेकीचं बाळंतपण आई करत्याय, आत्यानं का करावं? मी तवा आजारी हुते, सगळं त्यांनी केलं. आता मी धडधाकट हाय.

तुझ्या अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. लोक काय म्हनतील, आई ऱ्हाती आन विधवा भैन आगबोटीत बसती. मी म्हनलं, लोकांचं बोलणं मोहोळपतुर ऐकू येतंय, पुढं गाडी जोरात पळत्याय. हसू आलं त्यांना. झालं.

वन्संनी मातूर तीन दिस न्हाय न्हाय केलं. चौथ्या दिवशी माझ्यासाठी बांधलेली सुंठ गुपचूप आपल्या पेटीत ठिवली, तवा मी ओळखलं.

त्यांना जप. तुझ्यावर माझा जीव हाय, तो तसाच असू दे म्हनून मागते.

अव्वा

व्हेनिस, १९ एप्रिल १९३३

सौ. जगदेवी वहिनींस शांतम्माचा स. न. वि. वि.

तार कालच मिळाली. चंद्रव्वा सुखरूप आणि मुलगी झाली, हे वाचून अण्णांनी मुक्कामाच्या मालकाला मिठी मारली. त्याला कारण कळलं नाही, पण तोही रडला. पंचाक्षरी वाळला आहे, पण हसतो तुमच्यासारखाच, आधी डोळ्यांनी.

आगबोटीतून पहाटे गाव दिसलं, तेव्हा मला वाटलं अजून झोपेतच आहे. धुकं होतं आणि धुक्यात नुसते घुमट, खाली काहीच नाही. मग फिकट गुलाबी भिंती, मग शेवाळलेल्या पायऱ्या. एका घरापासून समोरच्या घरापर्यंत दोरी आणि त्यावर धुणं. वहिनी, त्यांचं धुणंसुद्धा पाण्यात दिसतं. दिवसभर नावेत असतो आणि रात्री अंथरुणही हळूहळू डोलतं.

काल मात्र मी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. पहाटे अण्णा पूजेला बसले होते, पोरगा निजला होता. मी म्हटलं पुलापर्यंत जाऊन यावं. त्या पुलावरून पुढचा पूल दिसला, त्यावरून एक बोळ, बोळातून चौक. मागे वळले तर सगळंच नवं. हरवले. वहिनी, मला भीती वाटायला हवी होती, ती आलीच नाही.

एका पायरीवर एक म्हातारी मटार सोलत होती. तिनं सरकून जागा दिली. मी बसले आणि सवयीनं तिच्या टोपलीत हात घातला. चार शेंगा सोलल्या असतील, तिनं हसून माझे हात धरले, माझ्याच मांडीवर ठेवले आणि पाण्याकडं बोट दाखवलं. मग मी नुसती बसले. पाण्यावरचं ऊन समोरच्या भिंतीवर हलत होतं. चूल, दूध, पाहुणे, काही काही मनात नव्हतं.

पंचाक्षरी धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. सगळं गाव पालथं घातलं म्हणून माझ्यावर ओरडला. मग शेजारी टेकला. म्हणाला, की आत्या, एवढ्या वर्षांत तुला नुसती बसलेली मी आज पहिल्यांदा बघतोय. मलाही ते तेव्हाच कळलं.

परवाच्या बोटीनं निघतो. बाळंतिणीला डिंक, खारीक देता आहातच. एक विचारायचं आहे, म्हणून हे पत्र आमच्या आधी निघणाऱ्या टपालात टाकते. माझ्या मनातलं गाव तुम्ही ओळखलंत. तुमच्या मनात कुठलं आहे, हे या घरात तुम्हाला कुणी विचारलं नाही, मीही नाही. जवळचं असो, लांबचं असो, उत्तर तयार ठेवा. या खेपेला सुंठ तुमच्याच पेटीत ठेवीन आणि आपण दोघीच जाऊ.

नातीच्या कपाळाला माझ्या वाटणीची विभूती लावा. आहे ती माया वाढती राहो.

तुमची
शांतम्मा