छंदाच्या ओळीभोवतीचा गोल

मंगळवार, संध्याकाळ

तेलीबांध्याच्या बिल्डरकडची मुलाखत चांगली झाली म्हणायची का? कामाबद्दल एकही प्रश्न नाही. साहेबांनी बायोडाट्यातल्या छंदाच्या ओळीभोवती पेनाने गोल केला. “पंछी देखने कहाँ जाती हो, बेटा?” मी खरं तेच सांगितलं. अभनपूर रस्त्यावरचं तळं. तारखांसह वही ठेवते, फोटोही काढते. किती उत्साहाने बोलले मी! ते हसले. “इतवार को, सुबह-सुबह?”

वार मी सांगितला नव्हता. बायोडाट्यातही नाही.

निघताना भिंतीवर त्यांच्या नव्या कॉलनीचा नकाशा दिसला. रस्ता तोच, आणि तळ्याच्या जागी प्लॉट. तेव्हा कळलं, गोल त्याच ओळीला का.

घरी आले तर बाबा खुशीत. बायोडाट्यावर नंबर त्यांचाच दिलाय.

“नोकरी लागली तुले! साहेबाचा खुद्द फोन होता.”

“अजून काय म्हणाले?”

“सोमवारी ती पाखरांची वही घेऊन येजो म्हणे. अन् या रविवारी तळ्यावर नको जाऊ म्हणे, एकटी पोरगी. किती काळजी करून राहिले!”

घरातली पहिली पदवी, पहिली ऑफिसची नोकरी. बाबांनी साहेबांच्या दोन्ही सांगण्यांना “हव, हव” करत होकार देऊन टाकला आणि पेढे आणायला गेले.

ते परत यायच्या आत वहीच्या पानापानाचा फोटो काढतेय. रविवारी तळं बुजवलं आणि सोमवारी वही घेतली, तर तिथे पाखरं होती याचा पुरावा एवढाच उरेल.