बफरमध्ये थांबले असते

अखिल-ऊतक-स्थिरीकरण-धुरंधर, रेझिन-वटिका-प्रजापती, ऑस्मियम-धूम्र-प्राशक, अतिसूक्ष्मछेद-चक्रवर्ती सर,

आपण दिवंगत असल्याने उत्तराची अपेक्षा नाही. हयातीतही आपण शिष्यांच्या प्रश्नांवर उत्तरांचा अपव्यय क्वचितच केलात.

त्या दुपारी उंदराच्या मेंदूचे तुकडे, कुजू नयेत म्हणून रसायनाने स्थिर होऊन, माझ्यासमोर कुपीत होते. त्यांना ऑस्मियमचे जहाल द्रावण पाजायचे, जड धातूंनी रंगवायचे, पाणी काढून रेझिनमध्ये गोठवायचे. मग हिऱ्याच्या सुरीने पापुद्रा-पापुद्रा काढत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रत्येक थराची प्रतिमा घ्यायची आणि थरावर थर रचून मेंदूची त्रिमिती उभारायची, असा आपला महायज्ञ. तेवढ्यात भिवंडीच्या कामतघरहून भावाचा फोन येतो: आई गेली. मी ॲप्रन सोडू लागतो. आपण घड्याळाकडे पाहता, माझ्याकडे नव्हे. "ऊतक कुणासाठी थांबत नाही. ऑस्मियम पूर्ण कर, मग जा."

मी पूर्ण केले. भिवंडीत पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. थोरला मी असून अग्नी धाकट्याने दिला होता. मामा स्मशानाच्या कट्ट्यावर बसले होते. रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "लय वाट बगितली रं तुजी. दिवस बुडाला, मंग न्हाय थांबलो."

सर, आज त्याच विद्येवर माझे पोट चालते, म्हणून साधिकार सांगतो: स्थिर झालेले ऊतक बफरच्या द्रावणात, फ्रिजमध्ये, निवांत थांबते. रात्रभर थांबते, दोन-चार दिवसही थांबते. हे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय आपणच ठेवली नाहीत. दिवाळीला सपत्नीक गावी जाताना आपल्या स्वतःच्या कुप्या तिथेच सुखाने नांदत असत. याला मी विस्मरण म्हणणार नाही. तो फार कनवाळू शब्द आहे. उंदराचा मेंदू थांबला असता. माझी आई थांबू शकत नव्हती, आणि या दोहोंत आपण विचारपूर्वक निवड केलीत.

हे पत्र टपालात पडणार नाही. आपला पत्ता कुणापाशी नाही, आणि असता तरी मी धजावलो नसतो. कारण आजही सुरीवरून सुटलेला एखादा छेद पाण्यावर अखंड, सोनेरी तरंगला की आपण पाहिलेत का, म्हणून मी मागे वळून बघतो. याचा मला अत्यंत संताप येतो.

असो. रसायनांच्या कपाटाची किल्ली आपण नेमकी कुठे ठेवलीत? ते आपल्या प्रयोगशाळेचे अर्धे दार अडवून उभे आहे, आम्ही सगळे आडवे होऊन आत-बाहेर करतो, आणि भांडारपाल म्हणतो, कुलूप फोडायचे तर ज्यांच्या नावावर कपाट आहे त्यांचीच सही आणा.