डाव्या हाताची दोन बोटं

उस्ताद, सर म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. आमच्याकडे तबल्याच्या गुरूला काय म्हणतात ते विचारलंत आणि हा शब्द स्वतःकडे ठेवून घेतलात. डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात रविवारी दुपारी जॅझ चालायचं, तिथे कोंगांवर, त्या उंच ढोलांवर, तुम्ही असायचात. मी जवळच्याच ऑफिसात कोड लिहायचे. एकदा धीर करून विचारलं आणि तुम्ही मला घरी शिकवायला लागलात, स्वयंपाकघरात, काळा घेवडा शिजायला टाकून. पहिल्याच दिवशी माझं मनगट धरून थांबवलंत. "तू मोजतेयस. ऐक." पुण्यात सात वर्षं तबला शिकून आलेली मी, घरी जाऊन रडले होते.

मग २०२०चा मार्च आला आणि हॉटेल बंद झालं. तुम्ही पार पश्चिमेला, कासलबारजवळ एका ब्राझिली मित्राकडे राहायला गेलात, मांसाच्या कारखान्यात लागलात. फोनवर विचारलं की इथल्या लोकांसारखं एकच उत्तर, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे मजेत. प्रवासाची बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये मी आगगाडीनं भेटायला आले. तुम्ही चहा करताय, सगळं उजव्या हातानं.

"डावा खिशात का?"

"थंडी आहे."

"ऑगस्टमध्ये?"

तेव्हा तुम्ही हात टेबलावर ठेवलात. दोन बोटं मिटत नव्हती. निम्मी माणसं आजारी, मांसाचा सरकता पट्टा मात्र नेहमीच्याच वेगानं चालू. सुरीपासून वाचवणारा पोलादी जाळीचा हातमोजा फाटलेला. दुसरा मागितला तर उद्या देतो म्हणाले. सुरी त्याच दिवशी घसरली. कारखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा.

त्या दुपारी तुम्ही मला सगळं आयुष्य सांगितलंत. ब्राझीलमध्ये रेसिफेतल्या गल्लीत डबे बडवणं, मग जहाजांवरचे बँड, लिस्बन, पॅरिस, शेवटी एका बाईसाठी आयर्लंड. ती गेली, तुम्ही राहिलात. कितीतरी रेकॉर्डवर तुमचे हात वाजताहेत आणि कव्हरवर नाव नाही. "त्याचं काही नाही," तुम्ही म्हणालात, "पण निष्काळजी? मी? तुझं इंग्रजी चांगलं आहे. तक्रार लिहून दे." मी म्हटलं, "बघते." आमच्याकडे बघते म्हणजे काय, हे तुम्हाला कुठून माहीत असणार! तुम्ही खूश झालात. जुनं पांडेरो, आमच्या खंजिरीसारखंच ते, माझ्या पिशवीत घातलंत. आता डाव्या हातात ते धरता येत नव्हतं.

जानेवारीत हॉस्पिटलमधून तुमचा फोन आला. धाप लागत होती. "कुणी माझ्याबद्दल विचारलं तर हाताचंही सांग. नाहीतर म्हणतील, म्हाताऱ्यानं वाजवणं आपणहून सोडलं." चार दिवसांनी तुम्ही गेलात. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. मी इकडे डब्लिनला, ॲडम्सटाउनच्या माझ्या घरात लॅपटॉपवर पाहिला. आवाज मध्येच गेला, तो परत आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तिकडच्या रेडिओवरून फोन आला, त्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलाल का म्हणून. मी बोलले. गल्ली, जहाजं, पॅरिस, सगळं. निवेदिकेनं विचारलं, "आणि अगदी शेवटपर्यंत वाजवत होते?" मी म्हटलं, "हो, शेवटपर्यंत." ती म्हणाली, "किती छान!"

हाताचं सांगितलं असतं तर तिनं मला विचारलं असतं, "मग तुम्ही काय केलंत?" तक्रारीच्या तीनच ओळी लिहिल्या होत्या मी. वर्क परमिटचं नूतनीकरण अडकलंय, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको, असं स्वतःला सांगत होते. परमिट ऑक्टोबरात आलं, उस्ताद. तुम्ही जानेवारीपर्यंत होतात.