दोन्ही चॅनल समान

३ फेब्रुवारी, सकाळ
मिक्सर आला. गाण्याचा, स्वयंपाकघरातला नव्हे, हे जिन्यात तिघांना सांगावं लागलं. शाळेच्या हॉलच्या साउंडवाल्याकडून महिनाभरासाठी आणलाय. जेवणाच्या टेबलावर ठेवला, हिच्या जागेवर. ही सध्या बहिणीकडे असते. गुडघ्यांसाठी. तिकडे लिफ्ट आहे, आमच्याकडे तीन मजले जिना. चार महिने झाले. गुडघ्यांना वेळ लागतोच.

५ फेब्रुवारी
योजना पक्की. २८ तारखेला ही शाळेतून रिटायर होतेय. समारंभात मी आमची रेकॉर्ड वाजवणार, लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेली. नुसती नाही. टर्नटेबलचा आवाज वायरीने फोडून मिक्सरच्या दोन चॅनलवर घ्यायचा. एकावर गाणं साधं. दुसऱ्यावर तेच, पण बटण दाबलं की एको. दोन्ही फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, वर ठेवून वाजवायचं आणि हिच्या आवडत्या ओळीला एको सोडायचा. ओळ हॉलभर घुमेल. ही रडेल. १ मार्चला घरी.
मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, तुम्ही वेळेवर या आणि इस्त्रीचा शर्ट घाला, तेवढं पुरे. मग म्हणाली, बरं, एक गाणं. एकूण उत्साह आहे.

९ फेब्रुवारी
साउंडवाला जोडून द्यायला येतो म्हणाला. नको म्हटलं. मॅन्युअलही वाचलं नाही. एकोणतीस वर्षं ऑफिसात परिपत्रकं लिहिली. ती कुणी वाचायची नसतात हे मला ठाऊक आहे. सगळं स्वतः जोडलं. दुसरा चॅनल एकटा लावून बघितला. त्यावर एक बारीक बटण आहे, गोल आणि त्यावर तिरकी रेघ. दाबलं. काही फरक पडला नाही. दाबलेलंच राहू दिलं. आत काहीतरी सुधारलं असणार.

१२ फेब्रुवारी
खालच्या काकू वर आल्या. एकच ओळ चाळीस वेळा ऐकून डोकं उठलं म्हणे. मोजत होत्या, म्हणजे लक्ष देऊन ऐकत होत्या. आजपासून हेडफोन. त्यातही एका वेळी एकच चॅनल ऐकतो. पहिला उत्तम. दुसरा उत्तम. दोन्ही मिळून दुप्पट उत्तम, साधी गोष्ट आहे.

१५ फेब्रुवारी
हिला फोन केला. बहिणीने उचलला. ही आंघोळीला गेली होती. संध्याकाळी पुन्हा केला, तेव्हाही आंघोळीला. तिकडे पाणी भरपूर असावं. दूध करपलं. मी समोरच उभा होतो. वाईट वगैरे काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. तब्येत स्थिर आहे.

१९ फेब्रुवारी
ड्रॉवरमध्ये हिची नेलपॉलिश सापडली, सुकत आलेली. त्या नेलपॉलिशने मी दोन्ही फेडरना सातवर खूण केली. केसाचाही फरक नाही. हिची नेहमीची तक्रार, की माझंच चालू असतं, तिचं कुणी ऐकतच नाही. घ्या आता. दोघांना समान.

२२ फेब्रुवारी
मुलगी येऊन गेली. म्हणाली, दोन्ही एकत्र लावून स्पीकरवर एकदा तरी बघा. गरज नाही म्हटलं. मग तिने विचारलं, आई तुमच्याशी बोलली का? कशाबद्दल, म्हटलं. काही नाही म्हणाली आणि फ्रिज पुसून गेली. फ्रिज खरंच घाण झाला होता.

२८ फेब्रुवारी, दुपार
साउंडवाल्याने तपासणीला चार वाजता बोलावलंय. शर्टाला इस्त्री राहिलीय. थेट सहाला जातो. तयारी पूर्ण.

१ मार्च, सकाळी ९
काल.
मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहून म्हणालो की आता आपण सर्वांनी शांतपणे ऐकावं. दोन्ही फेडर सातवर नेले. सुई ठेवली.
काहीच नाही. दोन्ही दहावर नेले. काहीच नाही. पहिल्या रांगेतल्या एक बाई हात जोडून उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या. मग अख्खा हॉल माना खाली घालून उभा. कोण गेलं, असं कुणीतरी कुजबुजलं. सत्कारमूर्ती समोर धडधाकट उभी होती. रेकॉर्ड फिरत होती. हात घामेजून दुसरा फेडर खाली घसरला आणि गाणं एकदम दणाणलं. शेवटचे चार सेकंद. टाळ्या झाल्या.
साउंडवाल्याने बघितलं. त्या बारीक बटणाने दुसऱ्या चॅनलच्या आवाजाची लाट उलटी होते म्हणे. एकेकटा चॅनल ऐकला तर कळत नाही. एकत्र लावले की एकमेकांना खातात. जरा कमीजास्त असते तर थोडंफार उरलं असतं, तुम्ही अगदी समान ठेवलेत, म्हणाला. कौतुकच केलं.

१ मार्च, दुपार
ही आली! तारीख बरोबर निघाली.
शिवणयंत्र न्यायला आली होती. शाळेजवळ जागा घेतलीय, एकटीसाठी. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे का विचारलं. नाही म्हणाली. मग गुडघे? गुडघ्यांना काय झालंय, म्हणाली. तीन मजले चढून आली होती, दमही लागला नव्हता.
मी तिला दोन्ही चॅनलचं सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास. उभ्यानेच ऐकत होती. शेवटी म्हणाली, साधीच लावायची होतीत की. मग यंत्र घेऊन गेली.
रेकॉर्ड साधी लावली, एका चॅनलवर. तिची ओळ आली. फार वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी.
ते बटण अजून दाबलेलंच होतं. सोडवलं. काही फरक पडला नाही.